भिंत मागे राहते

‘चित्रं वाचवली’ असं संग्रहालयं सहज म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं.

बार्सिलोनाच्या राष्ट्रीय कला संग्रहालयात पिरेनीजमधल्या लहान चर्चांची भित्तिचित्रं आहेत. परदेशी संग्राहकांना ती विकली जाऊ लागली, तेव्हा १९१९ ते १९२३ दरम्यान ती उतरवून शहरात आणली. पद्धत अशी : चित्रावर सरसाने कापड चिकटवायचं. सरस वाळला की कापड ओढायचं. रंगाचा पातळ पापुद्रा सोलून येतो. त्याच्या पाठीला दुधातल्या केसिनच्या गोंदाने नवं कापड लावायचं आणि पुढचं गरम पाण्याने सोडवायचं.

मी सॉफ्टवेअरमधला, त्यामुळे हे मला मायग्रेशन वाटतं. पण आम्ही बॅकअप ठेवतो, फसलं तर मागे फिरतो. इथे मागे फिरणं नाही. आणि नवा आधारही निमूट बसत नाही : कापड, गोंद, लाकूड हवेतल्या ओलाव्याने ताणतात, आकसतात.

आरागॉनमधल्या सिहेनाच्या मठाचा वाद इथेच अडकलाय. १९३६मध्ये यादवी युद्धात मठ जळला. इसवी सन १२००च्या सुमाराची चित्रं होरपळली, रंग बदलले. उरलेली जोसेप गुदिओल यांनी त्याच वर्षी उतरवून नेली. मे २०२५मध्ये स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने ती परत द्यायचा निकाल कायम केला. संग्रहालय म्हणतं, हलवली तर तुटतील.

ही भीती खोटी नाही. पण चित्रं नाजूक आहेत म्हणून ती कायमची आपली, हा युक्तिवाद मला पटत नाही. वाचवणारा राखणदार असतो, मालक नव्हे. त्याच वेळी आरागॉननेही हे मान्य करायला हवं, की परत येईल ते भिंतीवरचं चित्र नसेल. आगीतून निघालेला, कापडावर डकवलेला पापुद्रा असेल.

ताउलच्या सांत क्लिमेंत चर्चमध्ये २०१३पासून मूळ भिंतीवर प्रोजेक्टरने चित्र उमटवतात. काही मिनिटं येशू झळाळतो, मग प्रकाश विझतो आणि सोललेली भिंत दिसते. तिकडे संग्रहालयात त्याच चित्राच्या मागे गेलात, तर त्याला तोलणारा लाकडी सांगाडा दिसतो. बहुतेक लोक समोरून फोटो काढून पुढे जातात. मला वाटतं, खरी हकीकत त्या विझण्यात आणि त्या सांगाड्यात आहे. चित्राखालच्या पाटीवर शतकासोबत त्याचा नवा आधारही लिहा : कापड, केसिन, लाकूड. आपण काय वाचवलं आणि काय गमावलं, ते निदान कळेल.