अठरा वर्षांचं शिल्प

मातीत हात घातले की मन मोकळं होतं, अशा अर्थाची एखादी रील दर चार दिवसांनी माझ्या फोनवर येतेच. फिरतं चाक, ओली माती, मागे पियानो आणि खाली हीलिंगचा हॅशटॅग. त्या रील्सवर माझा राग नाही. शनिवार-रविवारी लॅपटॉप बंद करून कुणी मग बनवत असेल तर चांगलंच आहे. पण ‘कला माणसाला बरं करते’ हे वाक्य केटे कोलवित्झसारख्या शिल्पकर्तीलाही चिकटवलं जातं, तेव्हा मला थांबावंसं वाटतं. तिचं काम नीट पाहिलं तर ते वाक्य इतक्या सहज म्हणता येत नाही.

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तिचा धाकटा मुलगा पेटर १८ वर्षांचा होता. सैन्यात जायला वडिलांची परवानगी लागत होती आणि वडील कार्ल नाही म्हणत होते. पोराची बाजू घेऊन नवऱ्याला तयार केलं ते केटेनं. ऑक्टोबरमध्ये पेटर बेल्जियममध्ये मारला गेला.

म्हणजे हे फक्त दुःख नव्हतं. ‘हो म्हण’ असं आपणच सांगितलं, हे सोबत घेऊन तिला जगायचं होतं.

त्याच वर्षाच्या शेवटी तिनं स्मारकाचा विचार सुरू केला. आधीच्या कल्पनेत आडवा पडलेला पेटर मधोमध होता आणि आईवडील त्याच्या बाजूला. त्यावर काही वर्षं घालवून १९१९ मध्ये तिनं ते सोडून दिलं. मग पुन्हा हातात घेतलं. ‘शोकमग्न आईवडील’ हे शिल्प बेल्जियमच्या दफनभूमीत उभं राहिलं १९३२ मध्ये. पोराचं जेवढं आयुष्य, जवळजवळ तेवढाच वेळ.

आता ते व्लाड्स्लोच्या दफनभूमीत आहे, २५ हजारांहून अधिक जर्मन सैनिकांच्या सोबतीला. ग्रॅनाइटचे दोन गुडघे टेकलेले देह, चेहरे कार्लचे आणि केटेचे. वडील ताठ, दोन्ही हातांनी स्वतःलाच आवळून धरलेले. आई पुढे झुकलेली. आणि मुलगा? तो शिल्पात नाहीच. अठरा वर्षांच्या कामात तिनं सर्वांत मोठा बदल केला तो हा: मुलाला काढून टाकलं. शिवाय दोघांना एका चौथऱ्यावर बसवलं नाही. चौथरे वेगळे, मध्ये मोकळी जागा. एकाच घरातलं एकच दुःख, पण ते दोघांना एकमेकांजवळ आणत नाही. माझ्या मते शिल्पातला सर्वांत धीट भाग ती मोकळी जागा आहे. सांत्वन हवं असतं तर आईचा हात वडिलांच्या खांद्यावर ठेवणं किती सोपं होतं.

(एक गोष्ट वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नव्हतो. १९०३ मध्ये तिनं ‘मेलेलं मूल घेतलेली बाई’ हे एचिंग केलं, तेव्हा आरशासमोर ती स्वतः मॉडेल म्हणून बसली होती. मांडीवर होता सात वर्षांचा पेटर.)

दगडी स्मारक झालं, मग तरी मोकळी झाली असेल? पुढच्याच वर्षी नाझी सत्तेवर आले, तिला प्रशियन अकादमीतून बाहेर पडावं लागलं. २२ ऑक्टोबर १९३७ च्या, म्हणजे पेटरच्या स्मृतिदिनाच्या, डायरीत ती लिहिते की एक म्हातारं माणूस करायला घेतलं होतं, पण त्याचं पिएतासारखं काहीतरी होत चाललंय. पिएता म्हणजे मेलेला येशू मांडीवर घेतलेली मेरी. हे ब्राँझ जेमतेम ३८ सेंटीमीटरचं, टेबलावर मावेल एवढं. तिची आई मात्र मेरी वाटत नाही. ती म्हातारी आहे, पोर तिच्या गुडघ्यांमध्ये कोसळलंय, तिचा एक हात स्वतःच्या तोंडाशी आहे. पुढे तिनंच लिहिलं की यात आता वेदनेपेक्षा विचारात बुडून जाणं जास्त आहे. बरं होण्याच्या सर्वांत जवळ ती इथे येते असं मला वाटतं. पंचवीस वर्षांनी.

ब्राँझचा इथे फार उपयोग होतो. दगडातून चुकीचा घाव परत घेता येत नाही. माती पुन्हा पुन्हा दाबता येते, आणि साच्यातून ओतलेल्या धातूत बोटांचा तो दाबही उतरतो. व्लाड्स्लोचा दगड तर शेवटी इतर कारागिरांनी कोरला. छोट्या पिएतात मात्र तिचे अंगठे दिसतात.

आणि म्हणूनच पुढे जे झालं ते मला पटत नाही. १९९३ मध्ये हेल्मुट कोल यांच्या सरकारनं बर्लिनच्या नॉये वाखे या राष्ट्रीय स्मारकात हे शिल्प सुमारे चारपट मोठं करून बसवलं. मोठी प्रत केली हाराल्ड हाके यांनी. कंपनीच्या कामाला बर्लिनला होतो तेव्हा दोनदा जाऊन पाहिलं. रिकामी खोली, छताला गोल भोक, त्यातून पाऊस थेट तिच्या अंगावर. जागा विलक्षण आहे. पण जवळ गेल्यावर अंगठ्याच्या खुणेएवढी सुरकुती तळहाताएवढी झालेली दिसते आणि ती कुणाच्याच हाताची वाटत नाही. इमेज ताणल्यावर पिक्सेल फाटतात, तसं. आपल्याकडे पुतळ्याची चर्चा उंचीवरूनच सुरू होते, म्हणून मला हे जास्त टोचलं असेल.

इतिहासकार राइनहार्ट कोझेलेक यांचा आक्षेप याहून गंभीर होता. स्मारक युद्धाच्या आणि जुलमी राजवटीच्या सगळ्या बळींचं, आणि चित्र ख्रिस्ती. शिवाय आई जिवंत, मेलेला मुलगा. मग मारले गेलेले ज्यू कुठे, मारल्या गेलेल्या बायका कुठे? एका बाईनं स्वतःच्या एका निर्णयाशी घातलेला वाद सरकारनं सगळ्या देशाचा शोक म्हणून वापरला, आणि त्यात मारणारे आणि मेलेले एकाच मांडीवर आले. केटेनं दोन चौथरे वेगळे ठेवले होते, एवढं तरी लक्षात घ्यायचं.

तिच्या थोरल्या मुलानं, हान्सनं, आपल्या मुलाचं नाव पेटर ठेवलं होतं. १९४२ मध्ये तो रशियात मारला गेला. तेव्हा केटे पंचाहत्तर वर्षांची होती आणि ते छोटं ब्राँझ पूर्ण होऊन काही वर्षं झाली होती.