प्रेक्षकाचा अधिकार

प्रेक्षकाला खुर्चीतून उठवून नाटकात फिरवले की नाटक लोकांचे होते, असे आज सांगितले जाते. मला हे मान्य नाही. न्यूयॉर्कमध्ये 2011 ते 2025 या काळात चाललेला ‘स्लीप नो मोअर’ हा ‘मॅकबेथ’वर बेतलेला प्रयोग घ्या. प्रेक्षक पांढरे मुखवटे लावून अनेक मजली इमारतीत हवे तिथे फिरत. बोलण्यास मात्र मनाई होती. प्रेक्षकाला संचार मिळाला. घटनाक्रमावर त्याचा अधिकार शून्य.

ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांनी हा प्रश्न मुळातून धरला. 1973 साली पेरूतील साक्षरता मोहिमेच्या काळात, आपली सूचना नट नीट वठवीत नाहीत म्हणून एक बाई स्वतःच रंगमंचावर चढली. त्यातून त्यांचे ‘फोरम थिएटर’ घडत गेले. पीडिताच्या पराभवाचा प्रसंग पुन्हा सुरू होतो. प्रेक्षक तो थांबवितो, पीडिताची जागा घेतो आणि दुसरा मार्ग करून पाहतो. जुलमी पात्राचा नट सहजासहजी हार मानीत नाही. म्हणूनच ती खऱ्या लढ्याची तालीम ठरते.

पिढ्यान्‌पिढ्या उंबऱ्याबाहेर उभे केलेल्या आपल्या समाजाला प्रवेशाचे मोल वेगळे सांगायला नको. पण प्रवेश म्हणजे अधिकार नव्हे. आपल्या पथनाट्यांनीही हे तपासावे. वस्ती गोल करून बसते, आपण तयार उत्तर सांगतो, ती टाळ्या वाजविते. एखादी बाई मधेच उठून ‘हे असे घडत नाही’ म्हणाली, तर तिच्यासाठी आपल्या संहितेत जागा आहे काय? नसेल, तर ती आधी केली पाहिजे.