साताऱ्याच्या वेढ्यांतील सुरुंग : एका साक्षीचा विचार

साताऱ्याच्या वेढ्याविषयीं आपल्याकडे जें लिहिलें जातें तें बहुधा प्रयागजी प्रभूंच्या सुटकेपाशीं येऊन थांबतें. ता. १३ एप्रिल १७०० रोजीं औरंगजेबाच्या तोफखान्याचा मुख्य तरबियतखान यानें तटाखालीं पोखरलेले दोन सुरुंग उडविले. पहिल्यानें तट आंत कोसळला. किल्लेदार प्रयागजी ढिगाऱ्याखालीं गाडले गेले व जिवंत निघाले. दुसऱ्यानें भिंत बाहेर, हल्ल्यास सज्ज असलेल्या मोगली सैन्यावरच पडली व सुमारें २००० माणसें मेलीं. प्रयागजींची सुटका शुभशकुन मानली गेली, असें ग्रँट डफनें १८२६ सालीं लिहिलें. पुढें कित्येकांच्या लेखणींत दुसरा सुरुंगही दैवाचा कोप ठरला.

हा अर्थ मला मान्य नाहीं. दारूचा जोर जिकडे अटकाव कमी तिकडे फुटतो. दारूची कोठी तटाच्या बाहेरील अंगास अधिक सरकली असल्यास भिंत बाहेरच यावयाची. आमच्या मुकुटबनाकडील कोळशाच्या पट्ट्यांत सुरुंग लावणारा मजूरही हें सांगेल. त्यास दैव आणावें लागत नाहीं.

याहून मोठा दोष वगळण्याचा आहे. खाफीखान पुढें लिहितो कीं, दडपलेल्या सोबत्यांचीं प्रेतें काढून दहन करणें अशक्य झालें, तेव्हां बादशाही फौजेंतीलच हिंदु पायदळानें रात्रीं लांकडी मोर्चांस आग लाविली. ती सात दिवस धुमसत होती आणि आंत अडकलेले कित्येक जिवंतही तींत जळाले. ही हकीकत आपल्या पुस्तकांतून क्वचितच येते. खाफीखानाचा ग्रंथ महंमदशहाच्या कारकीर्दींतला, म्हणजे उशिराचा; साकी मुस्तैदखानाचा ‘मासिर-इ-आलमगिरी’ १७१० सालीं पुरा झालेला, म्हणून कालदृष्ट्या वरचढ. तरीही येथें मी खाफीखानास मान देतों. स्वपक्षाच्या नाचक्कीची अशी गोष्ट रचण्यांत मोगली इतिहासकाराचा लाभ कोणता? शिवाय सुरुंगांनीं किल्ला पडला नाहींच, तो ता. २१ एप्रिल रोजीं बोलण्यानें हातीं आला.

आदिपर्वांत लाक्षागृहाखालीं बीळ खणून पांडवांस वांचविणारा विदुराचा मित्र केवळ ‘खनक’ आहे. व्यासांनींही त्याचें नांव दिलें नाहीं. साताऱ्याच्या खणणारांची गत तीच. ता. ७ जून १९१७ रोजीं बेल्जममधील मेसीन येथें इंग्रजांनीं जर्मन खंदकांखालीं १९ सुरुंग उडविले. ते खणणाऱ्यांत कोळशाच्या खाणींतले व शहरांचीं गटारें खोदणारे पुष्कळ होते. त्यांच्या पथकांच्या रोजनिश्या आज वाचावयास मिळतात. आपल्याकडे तरबियतखान तेवढा उरला.

संग्राहकांस विनंति एवढीच कीं, सातारा प्रांतींच्या रुमालांत बेलदार, पाथरवट यांच्या रोजमुऱ्याचे किंवा इनामाचे १६९९–१७०० चे कागद आढळल्यास ते किरकोळ म्हणून बाजूस न टाकतां नक्कल करून मंडळाकडे धाडावे.