जोखूची विहीर

प्रेमचंदांची 'ठाकूर का कुआँ' ही कथा 1932 सालची. मी ती अनेक वर्षे वर्गात शिकवली आणि, आज कबूल करतो, अर्धीच शिकवली. आजारी जोखूसाठी गंगी रात्री ठाकुराच्या विहिरीवर जाते, घडा काठाशी येतो न येतो तोच ठाकुराचे दार उघडते, दोर तिच्या हातून सुटतो आणि ती जिवाच्या आकांताने पळते. या प्रसंगावर मी अख्खा तास घेत असे. दार, दोर, अंधार, भय. अस्पृश्यतेचे सगळे शास्त्र तिथे उभे करता येते. दोन वर्षांपूर्वी सणसवाडीहून ये-जा करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पण जोखू ज्या विहिरीचं पाणी पितो तिचं काय? ती घाण कशी झाली, आणि साफ का नाही केली कुणी?" वर्गात हशा पिकला. मला हसू आले नाही, कारण माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि इतक्या वर्षांत तो प्रश्न मला पडलाही नव्हता.

कथा पुन्हा वाचावी. तीत ठाकुराची विहीर आहे, साहूची आहे आणि तिसरी, जिचे पाणी या नवराबायकोच्या वाट्याला येते. कथा सुरू होते ती या तिसऱ्या विहिरीपासून. लोटा तोंडाशी नेताच जोखूला दुर्गंधी येते. विहिरीत जनावर पडून मेले असावे, असा गंगीचा तर्क आहे. ही विहीर दूर आहे. पाणी उकळले तर त्यातील दोष जातो, हे गंगीला ठाऊक नाही, अशी नोंदही लेखक करतो. आणि कथा संपते तीही याच पाण्याशी. गंगी रिकाम्या हाताने परत येते तेव्हा जोखू तेच पाणी पीत असतो. आरंभी आणि शेवटी ही विहीर आहे. पण शीर्षक ठाकुराच्या विहिरीला मिळाले, आणि पुढे समीक्षाही तिच्याच काठावर बसून राहिली. प्रेमचंदांची सहानुभूती की दलित लेखकाचा स्वानुभव, या वादात आपण पानेच्या पाने खर्ची घातली. तो वाद मी निरर्थक म्हणत नाही. पण त्या वादातल्या दोन्ही पक्षांना जोखूची विहीर म्हणजे कथेची प्रस्तावना वाटली.

असे का व्हावे याला इतिहास आहे, आणि तो आपल्या लढ्याचा इतिहास आहे. 1868 साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद खुला केला तिथपासून 1923 चा बोले ठराव, 1927 चा महाडचा सत्याग्रह, घटनेतील पंधरावे आणि सतरावे कलम आणि 1955 चा अस्पृश्यताविरोधी कायदा येथपर्यंत प्रश्न होता तो काठावर पाय ठेवण्याचा. पाणी पिऊन कुणी अमर होत नाही, हा लढा माणूस म्हणून उभे राहण्याचा आहे, हे बाबासाहेबांनी महाडलाच बजावले होते. 'बलुतं' 1978 साली आले आणि त्यानंतरच्या आत्मकथनांनी वरून धार सोडणारे हात आणि खाली धरलेली ओंजळ मराठी साहित्यात आणली. पांढरपेशा समीक्षेला ते दृश्य पचवायलाच दहा-वीस वर्षे लागली. तेव्हा आपले लेखक काठावरच थांबले याचा दोष मी त्यांना देत नाही. पण काठ जिंकल्यानंतरही आपण खाली वाकून पाहिले नाही.

महाडच्याच दोन गोष्टी घेऊ. सत्याग्रहानंतर तिथल्या सनातन्यांनी चवदार तळ्याची शुद्धी केली. शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या 108 घागरी तळ्यात ओतल्या. या शुद्धीतील अपमान आपण अचूक वाचला. पण ज्याचे पाणी सारा गाव पितो त्या तळ्यात शेण आणि मूत्र ओतले गेले, हा सार्वजनिक आरोग्याचा गुन्हा आपण वाचला नाही. विटाळ आणि दूषण हे दोन शब्द आपल्या भाषेत एकमेकांच्या जागी बसले आहेत. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते आणि शेणाने शुद्ध होते, असे मानणाऱ्या समाजाला पाण्याची घाण ओळखण्याचे इंद्रियच उरत नाही. दुसरी गोष्ट 17 मार्च 1937 च्या उच्च न्यायालयाच्या निकालातील. तळे केवळ सवर्णांचे, ही अनादि वहिवाट सिद्ध झाली नाही, असे न्यायालयाने म्हटले. ते म्हणताना एक शंकाही नोंदवली, ती अशी की तळ्याभोवती सवर्णांची घरे उभी राहीपर्यंत त्या पाण्यावर आपलाच हक्क ठेवण्याचा प्रयत्न कुणी केला असेल का? म्हणजे पाण्याची मालकी पाण्यात ठरली नाही, भोवतालच्या जमिनीवर कुणाची घरे आहेत यावर ठरली.

आपले जुने गाव हे जमीनवापराचे अत्यंत कडक नियम असलेले गाव होते, हे येथे ध्यानात घ्यावे. नदीचा वरचा पाणवठा कुणाचा, खालचा कुणाचा. महारवाडा कोणत्या दिशेला. मेलेले जनावर कुठे ओढायचे. कुणाची सावली कुठवर पडलेली चालेल. हे सारे आखलेले होते. पाणी वरून खाली वाहते आणि वरच्याची घाण खालच्याच्या वाट्याला जाते, हे या व्यवस्थेला पक्के माहीत होते. ज्ञान होते, ते आमच्याविरुद्ध वापरले गेले, इतकेच. गावाचा उतार जिथे संपतो तिथे आमची विहीर. जोखूच्या विहिरीत जनावर का पडले या प्रश्नाचे उत्तर मला वाटते येथे आहे. जिच्याकडे गावाचे लक्ष नाही, जिच्याभोवतीची जमीन काहीही टाकायला मोकळी आहे, तिच्यात जनावर पडणारच.

त्या प्रश्नानंतर मी सणसवाडीला गेलो. हे नाव महाराष्ट्राला 1 जानेवारी 2018 मुळे माहीत झाले. कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभाला आलेल्या लोकांवर जे हल्ले झाले त्यांची झळ या गावापर्यंत होती. एरवी हे पुणे-नगर रस्त्यावरचे कारखान्यांचे गाव. पुढे रांजणगावला औद्योगिक विकास महामंडळाची आखलेली वसाहत आहे. सणसवाडीत मात्र बहुतांशी शेतजमिनीच एकेक करून अकृषिक होत गेल्या, कारखान्यांमागे कामगारांच्या खोल्यांच्या रांगा उठल्या, खोल्यांमागे संडासांचे खड्डे आले. विद्यार्थिनीने मला एक जुनी विहीर दाखवली. पंधरा-वीस पावलांवर असाच एक खड्डा, पलीकडे पत्र्याच्या शेडबाहेर रिकामी पिंपे. विहिरीपासून घाणीची जागा निदान पन्नास फूट लांब हवी, हे आरोग्याच्या जुन्या क्रमिक पुस्तकातही असते. हे कुणी पाहायचे, असे विचारले तर जो तो दुसऱ्या कचेरीचे नाव सांगत होता. तिथे भेटलेल्या एक आजी म्हणाल्या, "पयल्यांदा हिरीवर येऊ देत नव्हते. आता कोन आडवत न्हाई, पर पानी प्यायजोगं ऱ्हायलं न्हाई." घरात जारचे विकतचे पाणी. ज्याला परवडत नाही तो जुनेच पितो.

कायदे नाहीत असे नाही. पाणी प्रदूषणाचा 1974 चा केंद्रीय कायदा विहिरीत किंवा जमिनीवर विषारी द्रव्य सोडण्यास बंदी करतो. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात दलित-आदिवासींच्या वापरातील पाणी खराब करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. 2016 पासूनच्या सुधारित रूपात तो कलम 3(1)(x) मध्ये आहे. हे कलम मला मोलाचे वाटते, कारण जोखूची विहीर कायद्याने प्रथमच तिथे पाहिली. पण त्याला आरोपी लागतो. हातात बाटली घेऊन रात्री विहिरीशी आलेला माणूस त्याला सापडेल. वीस खोल्यांच्या खड्ड्यातून वर्षभर झिरपणारा मैला सापडणार नाही. महाराष्ट्राचा 1993 चा भूजल कायदा सार्वजनिक पिण्याच्या विहिरीभोवती 500 मीटरचे वर्तुळ आखत होता, पण ते नवी विहीर खोदून पाणी पळवू नये म्हणून. वर्तुळात दुसरी विहीर घेण्यास परवानगी लागत असे; रसायनाची पिंपे ठेवायला ते वर्तुळ आड येत नव्हते. पुढच्या वर्षी, 1994 साली, जमीन महसूल संहितेत 44-अ कलम आले आणि औद्योगिक पट्ट्यातील जमीन खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापराला नेताना आधी परवानगी घेण्याची गरज संपली; वापर सुरू झाल्यावर तीस दिवसांत कळवले की झाले. नद्यांच्या काठी प्रदूषणकारी उद्योगांना अंतर ठेवायला लावणारे राज्याचे धोरण फेब्रुवारी 2015 मध्ये रद्द झाले. भूजलाच्या गुणवत्तेचा विचार 2009 च्या नव्या कायद्यात आला. तो लागू व्हायला 2014 उजाडले. आणि गावपातळीवर काय? पाण्याच्या स्रोताची पाहणी होते, लाल, पिवळे, हिरवे कार्ड मिळते, टीसीएल पावडर पडते. टीसीएलने जंतू मरतात. क्षार, नायट्रेट, धातू यांना ती काही करीत नाही. गंगीला पाणी उकळायचे ठाऊक नव्हते. आजच्या गंगीला ते ठाऊक आहे, आणि नायट्रेटचे पाणी उकळले तर ते उलट दाट होते.

पाण्याभोवतीची जमीन राखता येत नाही असे कुणी म्हणू नये. हैदराबादच्या उस्मानसागर आणि हिमायतसागर या तलावांसाठी 1996 साली आंध्र सरकारने दहा किलोमीटरचा पट्टा राखला, 84 गावे त्यात आली. 1999 साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. तलाव शहराचे होते. (2022 साली जमिनीचे भाव जिंकले आणि त्या आदेशातील निर्बंध उठवले गेले, हेही सांगायला हवे.) त्याच 1996 साली राजस्थानातील बिछडी गावाचा निकाल लागला, रंगद्रव्याच्या कारखान्यांच्या गाळाने तिथल्या विहिरी आधीच नासल्या होत्या, आणि भरपाईचा विचार नंतर. जर्मनीत विहिरीभोवतीची एक हद्द दिवसांत मोजतात: जमिनीखालून जिथल्या पाण्याला विहिरीत यायला पन्नास दिवस लागतात तिथपर्यंत घाण नको, कारण तेवढ्यात बहुतेक जंतू मरतात. आपला काळा पाषाण भेगांचा आहे, पाणी भेगेतून पळते. नुसत्या पावलांनी किंवा मीटरांनी भागणार नाही, वरच्या अंगाला काय आहे ते पाहावे लागेल. म्हणजे जुन्या गावाने जे आमच्याविरुद्ध पाहिले तेच.

एक धोका मला स्पष्ट दिसतो, आणि आपल्या कार्यकर्त्यांनी तो आधीच ओळखावा. विहीर राखायची म्हणून नियम आला की तो पहिला कुणावर बसेल? शेडवाल्याकडे सातबारा आहे, वकील आहे. विहिरीजवळ गायरानात झोपडी टाकून राहिलेल्याकडे काहीच नाही. दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 साली ज्या भूमिहीनांसाठी सत्याग्रह केले त्यांचेच नातू 'पाण्याचे रक्षण' या सुंदर नावाखाली उठवले जातील, आणि वस्तीला संडास नाकारायला नवे कारण मिळेल. म्हणून नियम हवा, पण त्याचा नकाशा ग्रामसभेत, वस्तीच्या देखत आखला जावा. आणि ज्याला उठवायचे त्याला आधी जागा द्यावी. पर्यावरणवादी मित्रांशी माझे भांडण येथे आहे. त्यांच्या लेखनात विहीर असते, झाडे असतात, वस्ती मात्र अतिक्रमण म्हणून येते.

त्या विद्यार्थिनीला मी कथेवर निबंध लिहायला सांगितला. तिने चार पानांचा निबंध आणि गावाचा हाताने काढलेला नकाशा आणून दिला. नकाशात दोन विहिरी होत्या. ग्रामपंचायतीच्या विहिरीभोवती पेन्सिलीने 500 मीटरचे वर्तुळ होते. वस्तीच्या विहिरीभोवती नव्हते. का, असे मी विचारले. ती म्हणाली, "सर, कायदा सरकारी पाणीपुरवठ्याच्या विहिरीला आहे. आमची विहीर दप्तरात पिण्याच्या पाण्याची म्हणून कुठं लागलेलीच नाही." पुढच्या ग्रामसभेत ती लावून घ्या म्हणून अर्ज करायचा आहे, त्याचा मसुदा निबंधाच्या मागच्या पानावर होता. मी निबंधाला गुण दिले आणि मसुद्यातील दोन शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या.