जोड कोण लावतो?

(येरवडा येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तिथे तशीच ठेवली आहे.)



विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, की तत्त्वज्ञानाचा मास्तर हे गणित कुठे काढून बसला! पण विषय तुमच्या-माझ्या रोजच्या वापरातला आहे. 'दगडापेक्षा वीट मऊ' म्हणतो तेव्हा आपण दोन गोष्टींची तुलनाच करत असतो. 'इकडे आड, तिकडे विहीर' हीही तुलनाच, फक्त वाईटात वाईट कोणतं याची. 'डावं-उजवं करणं' हा तर निवड करण्यासाठीचा आपला शब्दच आहे. मंडईत आपण मेथीच्या दहा जुड्या एकदम तोलत नाही, दोन हातांत दोन जुड्या घेतो आणि एक खाली ठेवतो. माणसाची बुद्धी दोहोंत बरी चालते, दहांत गोंधळते.

या साध्या गोष्टीचं शास्त्र केलं थॉमस साटी या गणितज्ञाने. जन्म 1926 चा, इराकमधल्या मोसुलचा, कारकीर्द अमेरिकेत. तिथल्या सरकारच्या शस्त्रनियंत्रण खात्यात काम करताना त्यांनी पाहिलं, की शास्त्रज्ञ एक बोलतात, वकील दुसरंच बोलतात, आणि कशाला किती महत्त्व द्यायचं हे मांडायची सोपी रीत कुणाकडेच नाही. त्यातून 1970 च्या दशकात त्यांनी 'अ‍ॅनॅलिटिक हायरार्की प्रोसेस' ही पद्धत घडवली आणि 1980 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं.

पद्धत अशी. वर उद्दिष्ट, त्याखाली निकष, त्याखाली पर्याय. मग निकष दोन-दोन घेऊन विचारायचं : या दोहोंत अधिक महत्त्वाचं कोणतं आणि किती? उत्तर 1 ते 9 च्या मापात द्यायचं. 1 म्हणजे दोन्ही सारखे, 3 म्हणजे थोडं अधिक, 5 बरंच, 7 फारच, 9 म्हणजे टोकाचं. चार निकष असले तर सहा तुलना, दहा असले तर पंचेचाळीस. या तक्त्यातून गणिताने प्रत्येकाचा वाटा निघतो. शिवाय तुम्ही स्वतःशी किती सुसंगत बोललात याचाही एक आकडा निघतो. तो 0.1 च्या वर गेला, तर म्हणायचं, पुन्हा विचार करा.

आता, मी टीका करायला उभा आहे, पण आधी न्याय करतो. ही पद्धत चांगली आहे. भूजल कुठे मिळेल, दरड कुठे कोसळेल याचे नकाशे करताना ती सर्रास वापरतात. उतार, खडक, पाऊस, जमिनीचा वापर यांचे वाटे ठरवायचे आणि नकाशा रंगवायचा. तिथे एक मोठी सोय असते : विहीर खणली की पाणी लागलं की नाही ते कळतं. तुमची तुलना चुकली तर जमीन सांगते. माझा प्रश्न पुढचा आहे. जिथे तपासायला जमीन नसते, जिथे माणसांच्या गरजा आणि हक्क एकमेकांसमोर ठेवलेले असतात, तिथे काय?

माझाच अनुभव सांगतो. एका महाविद्यालयात मी शिकवत होतो, नाव सोडून देऊ. काही निधी आला होता. कामं तीन : ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि मुलींचं वसतिगृह. समितीत मीही होतो. एका तरुण सहकाऱ्याने ही पद्धत आणली आणि आम्ही मोठ्या उत्साहाने बसलो. ठरलं असं : ग्रंथालय प्रयोगशाळेच्या तिप्पट महत्त्वाचं, प्रयोगशाळा वसतिगृहाच्या दुप्पट. या हिशेबाने ग्रंथालय वसतिगृहाच्या सहापट यायला हवं. पण समोरासमोर विचारल्यावर आम्ही म्हणालो, दुप्पट. संगणकाने विसंगतीचा आकडा काढला तो 0.12 च्या आसपास. म्हणजे नापास! (हशा) मग कुणीतरी म्हणालं, त्या दुपटीचं तिप्पट करू या. केलं. आकडा 0.05 वर आला. सगळे खूश. चहा झाला.

घरी आल्यावर मी कागद पुन्हा पाहिला. त्या दुरुस्तीने वसतिगृहाचा वाटा शेकडा 19 वरून 16 वर आला होता. विचार करा, काय झालं होतं? 'सहापट' म्हणायला आमची जीभ रेटली नव्हती. वसतिगृह इतकं क्षुल्लक नाही, असं आत कुठेतरी वाटत होतं, आणि ते वाटणं विसंगतीच्या रूपाने बाहेर आलं होतं. ते ऐकायचं सोडून आम्ही ते खोडरबराने पुसलं. साटींनी असं करा म्हणून सांगितलेलं नाही. त्यांचं म्हणणं उलट होतं, की थोडी विसंगती हवीच, नाहीतर माणूस नवं काही शिकणारच नाही. पण पद्धत समितीच्या हातात आली की तिचा पास-नापासाचा कागद होतो.

आणि खरी गोष्ट तर पुढेच आहे. महिनाभराने वसतिगृहाच्या रेक्टर बाई भेटल्या. म्हणाल्या, "सर, पाण्याचं काय झालं?" वरच्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं, मुली बादल्या वाहत होत्या. आमच्या यादीत 'वसतिगृह' याचा अर्थ होता रंगकाम आणि फर्निचर. ज्या गोष्टीची मुलींना गरज होती ती तक्त्यात नव्हतीच. आम्ही तीन तुलना प्रामाणिकपणे केल्या, पण कशाची तुलना करायची हे आमच्या आधीच कुणीतरी ठरवलं होतं, आणि ते कोण, हे आम्ही विचारलं नाही.

जत्रेतली कुस्ती पाहिलेले इथे बरेच असतील. फडात गावची पंच मंडळी पैलवानांच्या जोडी लावतात. कोणाची जोड कोणाशी, यात अर्धी कुस्ती तिथेच झालेली असते. नंतर हलगी वाजते, धूळ उडते, आणि सगळ्यांचं लक्ष डावपेचांवर असतं. दोन-दोनच्या तुलनेतही आपण डावपेचांवर फार बोलतो, जोड कोणी लावली यावर बोलत नाही. माझी मुख्य तक्रार ही आहे.

दुसरी तक्रार त्या 'एक' आकड्याबद्दल. 1 म्हणजे समान. पण समोर ठेवलेल्या दोन गोष्टी एका मापाने मोजताच येत नाहीत, असं वाटलं तर कोणता आकडा लिहायचा? तक्त्यात त्याला घर नाही. बहुतेक लोक मग 1 लिहून मोकळे होतात. हे चूक आहे. जोसेफ राझ या तत्त्वज्ञाने 1986 च्या 'द मोरॅलिटी ऑफ फ्रीडम' या ग्रंथात अशा अतुलनीयतेची चर्चा केली आहे. ती ओळखायची खूण सोपी आहे. दोन वस्तूंचं वजन खरंच समान असेल, तर एका पारड्यात चिमूटभर टाकलं की ते खाली जायला हवं. टाकूनही तुमचा निर्णय जागचा हलत नसेल, तर त्या वस्तू समान नव्हत्याच. त्यांना तोलणारा एकच काटा नव्हता.

आता ज्यासाठी मी हा विषय इथे, येरवड्यात घेतला, त्याकडे येतो. या सभागृहात गांधींना मानणारे आहेत, बाबासाहेबांना मानणारे आहेत, दोघांना मानणारेही आहेत. मला कोणाला उणं करायचं नाही. मला जोड कशी लागली ते पाहायचं आहे.

ऑगस्ट 1932. ब्रिटनचे पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्य समाजाला प्रांतिक कायदेमंडळांत स्वतंत्र मतदारसंघ दिले. शिवाय त्याच मतदारांना सर्वसाधारण मतदारसंघातही मत दिलं, म्हणजे दोन मतं. गांधी तेव्हा इथल्या तुरुंगात होते. 18 ऑगस्टला त्यांनी पंतप्रधानांना कळवलं, की हे स्वतंत्र मतदारसंघ रद्द झाले नाहीत तर आमरण उपोषण. 20 सप्टेंबरला दुपारी ते सुरू झालं.

त्याआधी प्रश्न काय होता? स्वतंत्र मतदारसंघ की संयुक्त? ही एक जोड. तिच्यावर वाद घालता येतो, दोन्ही बाजूंचे फायदे-तोटे मांडता येतात. साटींचा तक्तासुद्धा मांडता आला असता. उपोषण सुरू झालं आणि बाबासाहेबांसमोर जोड बदलली. एका पारड्यात समाजाचे राजकीय हक्क, दुसऱ्यात एका माणसाचे प्राण. आणि त्या प्राणांच्या मागे न लिहिलेलं आणखी एक ओझं : काही विपरीत घडलं तर गावोगावच्या वस्त्यांवर कोणाचा राग निघेल? सांगा, इथे किती आकडा लिहाल? पाच? सात? नऊ? आपण किती मोठ्या पेचात सापडलो होतो हे बाबासाहेबांनी पुढे स्वतःच सांगितलं आहे.

गांधींच्या बाजूनेही पाहा. त्यांच्या दृष्टीने हा जागांचा हिशेब नव्हताच. हिंदू समाज कायमचा दुभंगणं आणि अस्पृश्यतेचं पाप समाजाने स्वतःहून धुणं, ही त्यांच्या मनातली जोड होती. म्हणजे 22 सप्टेंबरला तुरुंगात भेट झाली तेव्हा समोरासमोर असलेली दोन माणसं एकाच प्रश्नाचं उत्तर शोधत नव्हती. प्रत्येकाच्या हातातला तराजू वेगळा होता.

मग सुटलं कसं? तेजबहादूर सप्रूंनी तिसरी वाट मांडली. मतदारसंघ संयुक्त, जागा राखीव, पण आधी अस्पृश्य मतदारांनी स्वतः प्राथमिक निवडणुकीत चार जणांची नावं काढायची आणि त्यांतून सगळ्यांनी मिळून एक निवडायचा. मग घासाघीस झाली ती जागा किती आणि मुदत किती यावर. 24 सप्टेंबरला करारावर सह्या झाल्या. सवर्ण हिंदूंतर्फे मदनमोहन मालवीयांची, अस्पृश्य समाजातर्फे बाबासाहेबांची. गांधींची सही त्यावर नाही. प्रांतांतल्या राखीव जागा झाल्या 148, निवाड्याच्या जवळपास दुप्पट. 26 तारखेला उपोषण सुटलं.

आता आकड्यांचा माणूस म्हणेल, दुप्पट मिळालं, नफा झाला! बाबासाहेबांनी 1945 च्या आपल्या ग्रंथात याच हिशेबावर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : जागा वाढल्या खऱ्या, पण दुसरं मत गेलं. त्या दुसऱ्या मतामुळे सवर्ण उमेदवारालाही आमच्या दारात यावं लागलं असतं. त्या शस्त्राची किंमत जागांत मोजता येत नाही. मघाची खूण आठवा. पारड्यात चिमूटभर नाही, ओंजळभर टाकलं, तरी त्यांचा निर्णय हलला नाही. जागा आणि मताची ताकद या दोन गोष्टी एका काट्यावर बसत नव्हत्या. तक्त्यात जागांचा स्तंभ होता, दुसऱ्या मताचा नव्हता.

यातून मी दोन गोष्टी शिकतो. तिसरा पर्याय सापडला तो यादी पुन्हा लिहायची तयारी होती म्हणून. दगड आणि वीट यांत डावं-उजवं करत बसले असते तर तो कधीच सापडला नसता. आणि दुसरं, यादी पुन्हा लिहितानाही काहीतरी गळतं. ज्याचं गळतं त्याला ते दिसतं, बाकीच्यांना बेरीज दिसते.

आज आपल्या पुलाखालून वाहणाऱ्या नदीकडे बघा. मुळा, मुठा, मुळा-मुठा यांच्या सुमारे 44 किलोमीटर काठासाठी महापालिकेचा प्रकल्प आहे. चर्चा ऐकली की जोड एकच : विकास की पर्यावरण? झाडं की फिरायची वाट? दोन्ही बाजूंना शिकलेली, बोलकी माणसं आहेत, त्यांचं म्हणणं महत्त्वाचं आहे. पण खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर रात्री सामान उचलणारी काठची सखल वस्ती या जोडीत कुठे बसते? तिचा प्रश्न असा, की पाणी किती वाढेल आणि मला किती तास आधी कळेल? हा रेक्टर बाईंचा प्रश्न आहे. पाण्याचं काय झालं?

म्हणून पुढच्या वेळी कोणी तुमच्यासमोर तक्ता ठेवला, तर पहिल्या खान्यात आकडा भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. ही जोड कोणी लावली? ज्याला परिणाम सोसायचा आहे त्याला यादीत एक ओळ लिहायला मिळाली का? आणि 'इथे तोलता येत नाही' असं लिहायला जागा आहे का? तीन उत्तरं मिळाली की खुशाल तुलना करा, साटींचं गणित चोख आहे.

(प्रश्नोत्तरांतून)

श्रोता : सर, तोलता येत नाही असं लिहिलं, तर निर्णय घ्यायचा कसा? कुणीतरी घ्यायलाच हवा ना?

– हवाच. बाबासाहेबांनीही घेतला. फरक एवढाच, की मग तो गणिताच्या नावावर खपवता येत नाही. 'संगणकाने सांगितलं' असं म्हणता येत नाही. मी निवडलं, मी हे सोडलं आणि जे सोडलं त्याची भरपाई झालेली नाही, हे उघड सांगावं लागतं. बाबासाहेबांनी तेरा वर्षांनी तेच लिहून ठेवलं. आमच्या समितीने मात्र ते सांगितलं नाही. त्या मुली वर्षभर बादल्या वाहत राहिल्या आणि आमचा कागद 0.05 ने पास झाला होता.