लाकूड, लोहमार्ग आणि अपराधी स्मरण

लोपत चाललेल्या रेल्वेमार्गाच्या आठवणी बहुधा प्रवासी लिहितो. खिडकी, फलाटावरचा चहा, ओळखीचा गार्ड, गाडीचा संथपणा. मार्ग कोणी घातला आणि त्यासाठी काय तोडले, हे त्या आठवणींत क्वचितच येते. डेनिस जॉन्सन या अमेरिकी लेखकाची ‘ट्रेन ड्रीम्स’ (पुस्तकरूपात २०११) ही लघुकादंबरी इथेच वेगळी ठरते. तिच्यातले स्मरण मजुराचे आहे.

रॉबर्ट ग्रेनिअर हा उत्तर आयडाहोच्या चिंचोळ्या अरण्यपट्ट्यात राबणारा माणूस. कधी पूल बांधणाऱ्या टोळीत, कधी झाडे तोडणाऱ्या. १९१७ च्या उन्हाळ्यात स्पोकेन इंटरनॅशनल रेल्वेच्या कोठारातून चोरी केल्याच्या आरोपावरून मजूर एका चिनी कामगाराला पुलावरून फेकून देऊ पाहतात. ग्रेनिअरही त्यांना साथ देतो. कामगार निसटतो. पुढे वणव्यात ग्रेनिअरचे घर, पत्नी आणि लहानगी मुलगी जाते; हा त्या माणसाचा शाप तर नव्हे, ही शंका त्याला आयुष्यभर सोडत नाही.

ही रेल्वे काल्पनिक नाही. १९०६ मध्ये ती स्पोकेनहून कॅनडाच्या सीमेपर्यंत पोचली, १९३० च्या दशकात दिवाळखोरीत गेली आणि १९५८ साली युनियन पॅसिफिकच्या ताब्यात आली. लाकडावर जगणाऱ्या मार्गांचा पेचच असा, की ते जितके जोमाने चालतात, तितके स्वतःच्या अस्तित्वाचे कारण संपवत जातात. वणव्यालाही इतिहास आहे. ऑगस्ट १९१० मध्ये आयडाहो आणि माँटाना भागात दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळाले. त्या उन्हाळ्यातल्या आगींच्या कारणांत इंजिनांतून उडणाऱ्या ठिणग्याही होत्या. ज्या मार्गाने पोट भरले, त्याच मार्गाची ठिणगी घरावर पडू शकत होती. ग्रेनिअर मात्र ठिणगीऐवजी शाप पाहतो.

जॉन्सनचे सामर्थ्य हे, की तो ग्रेनिअरला त्याच्या समजुतीपेक्षा शहाणा करत नाही. पश्चात्तापाचे भाषण नाही, निसर्गाविषयी प्रवचन नाही. अपराध मनात कुठेतरी पडून राहतो आणि अधूनमधून हलतो. परंतु मर्यादाही इथेच आहे. चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा १८८२ पासून होता. पुलावरची ती हिंसा चार माणसांची लहर नव्हती, तिच्यामागे देशाचे धोरण होते. शापाच्या कल्पनेमुळे हा सामाजिक अपराध एका माणसाचे प्राक्तन होऊन बसतो, आणि कंपनी नामानिराळी राहते. ज्याला फेकायला निघाले, त्याची आठवण काय असेल? कादंबरीत त्याच्या वाट्याला भय आणि पलायन तेवढे येते. स्मरणाचा अधिकार मारणाऱ्याकडेच राहतो.

तरीही निम्मा हिशेब मांडणारी ही कादंबरी मोलाची वाटते, कारण आपल्याकडे तेवढाही मांडलेला फारसा दिसत नाही. विदर्भातल्या ‘शकुंतला’विषयी आपण जिव्हाळ्याने बोलतो: अरुंद रूळ, १९९४ पर्यंत धावलेले वाफेचे इंजिन, चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढण्याचे किस्से. कापूस वाहून नेण्यासाठी घातलेल्या या मार्गाचा भराव कोणी टाकला, स्लीपरचे लाकूड कोणत्या जंगलातून आले, हे प्रश्न त्या किस्स्यांत उमटत नाहीत. हळहळ खरी असते, पण ती प्रवाशाची असते. रूळ उखडले जाण्याआधी ते टाकणाऱ्यांची आठवणही नोंदवली गेली पाहिजे.