स्वस्त डीव्हीडी प्लेअर : खोके काय सांगते आणि काय सांगत नाही

पनवेल सोडून जुन्या मुंबई–पुणे रस्त्याने थोडे पुढे गेले, की कोन लागते. येथील २,४१७ घरांची सोडत म्हाडाने गिरणी कामगारांसाठी डिसेंबर २०१६ मध्ये काढली होती. त्यांपैकी एका घरात आमचे एक शिक्षक स्नेही आपल्या वडिलांसह राहायला आले. सामानात तबकड्यांनी भरलेला एक पत्र्याचा डबा होता. त्यात मराठी चित्रपटांच्या व्हीसीडी, थोड्या डीव्हीडी, बहिणीच्या लग्नाचे चित्रण आणि शाळेच्या २००३ सालच्या स्नेहसंमेलनाची घरच्या संगणकावर ‘राइट’ केलेली सीडी होती. जुना प्लेअर मात्र घर बदलताना बंद पडला. ‘कमी पैशांत चांगला प्लेअर कोणता घ्यावा?’ असे त्यांनी आम्हांला विचारले, आणि आम्ही दोघे दुकानात गेलो.

तेथे तीन-चार खोक्यांवरचा मजकूर आम्ही काळजीपूर्वक वाचला. तो वाचताना असे लक्षात आले, की ठळक अक्षरांत जे छापले आहे त्याचा आमच्या प्रश्नाशी फारसा संबंध नाही. आणि ज्याचा संबंध आहे ते छापलेलेच नाही. हे दावे एकेक करून तपासणे विज्ञानाच्या शिक्षकांना उपयोगी पडेल, असे वाटते.

पहिला दावा ‘१०८० अपस्केलिंग’चा. डीव्हीडीवरील चित्र ७२० × ५७६ बिंदूंचे, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार बिंदूंचे असते. ‘फुल एचडी’ पडद्यावर १९२० × १०८० म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार बिंदू असतात. हा आकडा पहिल्याच्या बरोबर पाचपट आहे. याचा अर्थ, मोठ्या केलेल्या चित्रात पाचांपैकी चार बिंदूंइतकी माहिती तबकडीवर नसतेच. शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने ते भरले जातात. आलेखावरील दोन बिंदूंमधली किंमत काढताना आपण हेच करतो. यात गैर काही नाही, पण नवी माहितीही नाही. शिवाय प्लेअरने हे काम केले नाही, तर टीव्ही ते करतोच. त्यासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही.

मग ब्लू-रे घ्यावा का? येथे कोनमधल्या घरात कोनाचेच गणित करावे लागते. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागापेक्षा लहान कोनातले तपशील सहसा वेगळे दिसत नाहीत. ही घरे ३२० चौरस फुटांची. आमच्या स्नेह्यांच्या खोलीत बसण्याच्या जागेपासून टीव्हीचे अंतर अडीच मीटर भरले. तेवढ्या अंतरावर या कोनात सुमारे ०.७३ मिलिमीटर मावतात. त्यांचा टीव्ही ३२ इंची. पडद्याची उंची सुमारे ४० सेंटिमीटर. तिला ५७६ ने भागले, तर एका ओळीची जाडी ०.६९ मिलिमीटर येते. म्हणजे डीव्हीडीच्या ओळी वेगवेगळ्या दिसण्याच्या सीमेवर आहेत. ब्लू-रेच्या १०८० ओळी त्या खोलीत जवळजवळ वायाच जातील. व्हीसीडीच्या २८८ ओळींपैकी प्रत्येक ओळ मात्र १.३८ मिलिमीटरची होते, आणि ते चित्र खडबडीत दिसते. हा दोष प्लेअरचा नाही. आपापल्या घरचे अंतर मोजून हे उदाहरण विद्यार्थ्यांना अवश्य सोडवायला द्यावे.

दुसरा दावा स्पीकरसह मिळणाऱ्या संचाचा : ‘१००० वॅट पीएमपीओ’. याच खोक्याच्या मागे, बारीक अक्षरांत, संच विजेच्या जोडणीतून ३० वॅट घेतो असे छापले होते! आत ३० वॅट जात असतील तर बाहेर १००० वॅट सतत कसे येतील? धारित्रात साठलेली ऊर्जा क्षणार्धात सोडून मोठा आकडा गाठता येतो. पण तो कसा मोजायचा याचे सर्वमान्य प्रमाण नसल्याने ज्याला जो हवा तो आकडा छापता येतो. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आठवीनववीच्या मुलांनाही ठाऊक असतो. तो दुकानात विसरला जातो, ही खेदाची गोष्ट होय.

तिसरा दावा : ‘सर्व तबकड्या चालतात.’ हा अधिक महत्त्वाचा, आणि अधिक फसवा. सीडी व व्हीसीडी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेसरने वाचतात, डीव्हीडी ६५० नॅनोमीटरच्या, तर ब्लू-रे ४०५ नॅनोमीटरच्या. तरंगलांबी कमी, तसा प्रकाशाचा ठिपका लहान आणि माहितीची दाटी जास्त. म्हणून सीडीच्या दोन फेऱ्यांमध्ये १.६ मायक्रोमीटर अंतर लागते, तर डीव्हीडीत ०.७४ पुरते. घरी राइट केलेल्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो. त्यातून ७८० नॅनोमीटरचा प्रकाश चांगला परततो, ६५० चा बराचसा शोषला जातो. त्यामुळे एकच लाल लेसर असलेल्या सुरुवातीच्या काही डीव्हीडी प्लेअरना विकतची सीडी वाचता येई, घरी केलेली मात्र येत नसे. आजही काही ब्लू-रे प्लेअर व्हीसीडी स्वीकारत नाहीत. महाग यंत्र जुनी तबकडी नाकारते आणि स्वस्त यंत्र ती चालवते, असे घडू शकते. परदेशातील नातेवाइकांनी पाठवलेल्या डीव्हीडीही तपासाव्यात : भारताचा विभाग ५, अमेरिकेचा १, युरोप व जपानचा २. व्हीसीडीला असे विभाग नाहीत.

आता जे छापलेले नव्हते त्याविषयी. प्लेअरची खरी परीक्षा ओरखडे पडलेल्या तबकडीवर होते. सीडीवर माहिती विखरून, जादा तपासणी-संख्यांसह लिहिलेली असते. त्यामुळे वाचनमार्गाच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटर माहिती नष्ट झाली, तरी ती पूर्ण परत मिळवता येते. मात्र १९९३ च्या व्हीसीडी प्रमाणात चित्राला जास्त जागा मिळावी म्हणून, संगणकाच्या सीडीवर असणारा दुरुस्तीचा एक जादा थर गाळला आहे. एका तबकडीवर ७४ मिनिटे बसली ती या काटकसरीमुळे. म्हणूनच जुन्या व्हीसीडीत चित्राचे चौकोन-चौकोन होताना दिसतात. अशा वेळी चांगली यांत्रिक बांधणी व स्वच्छ भिंग असलेला प्लेअर सावरून पुढे जातो. दुसरा तेथेच अडकतो. हा फरक किमतीवरून कळत नाही, चालवूनच कळतो.

म्हणून आम्ही डब्यातील सर्वांत खराब तबकड्याच दुकानात नेल्या होत्या. एक ओरखडे पडलेली व्हीसीडी, एक डीव्हीडी आणि ती स्नेहसंमेलनाची सीडी. प्रत्येक तबकडी ओळखायला प्लेअरला किती सेकंद लागतात ते पाहिले आणि थेट शेवटची दहा मिनिटे लावली. तबकडी आतून बाहेर वाचली जाते, आणि तिचा डगमग बाहेरच्या कडेशी सर्वाधिक असतो. विक्रेत्याने कुरकुर केली. पण दोन प्लेअर या परीक्षेत नापास झाले, तेव्हा तोही उत्सुकतेने पाहू लागला. पसंत पडला तो सर्वांत साधा, एचडीएमआय जोडणी असलेला प्लेअर. पिवळ्या पिनेच्या जोडणीत उजेडाची व रंगाची माहिती एकाच तारेतून मिसळून जाते, हे लक्षात ठेवून जोडणीची मात्र तडजोड करू नये.

स्वस्त यंत्रांवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे, की चित्र उलगडणारी चिप आज फार स्वस्त झाली आहे. महाग आणि स्वस्त प्लेअरच्या डीव्हीडी-चित्रात घरगुती टीव्हीवर फारसा फरक राहिलेला नाही. आमची तक्रार यंत्राविषयी नाही, खोक्याच्या भाषेविषयी आहे. ग्राहकाला ज्याने निवड करता येईल अशी एकही गोष्ट ती सांगत नाही.

त्या संध्याकाळी कोनच्या घरात स्नेहसंमेलनाची सीडी लावली. मध्ये एके ठिकाणी चित्र फुटले, आवाज तुटला, आणि पुन्हा सुरू झाला. शेवटच्या नाटुकल्यात आमच्या स्नेह्यांचे आता निवृत्त झालेले मुख्याध्यापक राजा झाले होते. या सीडीची दुसरी प्रत कोणाकडेही नाही. रंगद्रव्याचा थर काळाबरोबर विटत जातो आणि प्लेअर बनवणारेही कमी होत आहेत. नावाजलेल्या ओप्पो डिजिटलने २०१८ मध्येच हे काम थांबवल्याचे जाहीर केले. तेव्हा आपल्या शाळेच्या कपाटात अशी तबकडी असेल, तर ती तळहाताने न धरता कडेने धरावी, मऊ फडक्याने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, आणि येत्या सुट्टीतच तिची एक प्रत संगणकावर करून ठेवावी. आमच्या स्नेह्यांनी दुसऱ्याच दिवशी ती केली.